डॉक्टरांचं चिन्ह कुठलं?

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. सकाळी आठच्या सुमाराला मी तळमजल्यावरच्या काकीला घेऊन निघालो. काकी आता नव्वदीच्या घरात आहे, पाय सुजलेले असतात, चाळीच्या दारातून महापालिकेच्या शाळेपर्यंत जायला तिला वीस मिनिटं लागली. वाटेत दोनदा थांबली, एकदा दम खायला आणि एकदा मासळीवालीच्या पाटीत काय आलंय ते बघायला. शाळेच्या अलीकडे पक्षांची टेबलं लागली होती. टेबलामागे विशीतली पोरं, समोर मतदारयाद्या, चिठ्ठ्या, पाण्याच्या बाटल्या. काकीनं पहिल्याच टेबलावर हात टेकला आणि विचारलं, "बाळा, डॉक्टरांचं चिन्ह कुठलं?" पोरानं यादीतून मान वर केली. "कुठले डॉक्टर आज्जी?" "दत्ता सामंत," काकी म्हणाली. जसं काही एवढ्यासाठी नाव सांगावं लागतं याचंच तिला नवल वाटत होतं. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपाचे हे पुढारी. पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी काकीच्या कानाशी वाकून म्हटलं, "काकी, डॉक्टर जाऊन सत्तावीस वर्षं झाली." तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "गेले ते ठाऊक आहे मला. त्यांच्या मयताला मी चालत गेले होते. मी चिन्ह विचारतेय."

त्या पोराकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. आधी वाटलं, म्हातारपण आहे, काळ एकमेकांत मिसळत असणार. पण काकीचं डोकं शाबूत आहे. दुधाचा हिशेब ती तोंडी सांगते, कुणाच्या नातवाचं लग्न कुठल्या साली झालं हे तिला चाळीतल्या कुणाहीपेक्षा नीट आठवतं. तिला चिन्हच हवं होतं. माणूस गेला तरी त्यानं जे मागितलं होतं ते तर कुठे गेलेलं नाही, मग ते मागणारा कुणीतरी उभा असणार, त्याच्यासमोर काहीतरी छापलेलं असणार, असा तिचा साधा हिशेब. तो प्रश्न मला सोडत नाही. लोकलमध्ये उभा असताना, रात्री पाणी भरताना, मधूनच कानात येतो.

काकीची खानावळ आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. खोली कसली, दहा बाय बाराची जागा आणि वर माळा. बायकोपोरं गावी ठेवून गिरणीत कामाला आलेले पंधरा-वीस बाप्ये पाळीपाळीनं तिथे जेवायचे. पहिली पाळी सुटली की एक पंगत, दुसरीवर जायच्या आधी एक, रातपाळीवाल्यांचे डबे वेगळे. ताटात जाड तांदळाचा भात, आमटी, दोन भाकऱ्या, बुधवार-शुक्रवारी बांगड्याचं कालवण. जेवायला बसलेल्यांच्या केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी लव असायची. लहानपणी मला वाटायचं की गिरणीत गेलं की सगळेच म्हातारे होतात आणि अंघोळ केली की परत तरुण. ते मोठ्यानं बोलायचे. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात आठ-आठ तास काढल्यावर माणूस हळू बोलूच शकत नाही. माझे बाबाही तसेच. आमच्या घरात कुजबूज हा प्रकारच नव्हता. काकीची एक लाल बांधणीची वही होती. प्रत्येकाचं एक पान, वर नाव, त्याखाली खाडे आणि बाकी. महिन्याच्या पगाराला बाप्ये ओळीनं यायचे आणि काकी त्यांच्यासमोर आकड्यावर काट मारायची. पेन्सिल जिभेला लावून काट मारण्याची तिची पद्धत मला अजून दिसते.

१८ जानेवारी १९८२, गिरण्यांचा संप सुरू झाला तो दिवस. मी तेव्हा दहा वर्षांचा. पहिली आठवण कानांची आहे. आमची झोप गिरण्यांच्या आवाजावर लागायची. रात्री कुणी पंखा बंद करावा आणि त्या शांततेनंच जाग यावी, तसं त्या दिवसांत झालं. आई मध्यरात्री उठून बसली होती. संपाची कुजबूज म्हणावी तर ती आमच्याकडे त्या रात्रीपासून सुरू झाली. गेल्या दिवाळीच्या बोनसवरून चिडलेले कामगार एकेका गिरणीतून आधीच बाहेर पडले होते. मान्यताप्राप्त युनियननं केलेला करार त्यांना पसंत नव्हता. झुंडीच्या झुंडी घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात जाऊन बसल्या, आमचं नेतृत्व करा म्हणून. बाबाही त्यात एकदा जाऊन आले होते. परत आल्यावर आईला म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, लांबणार आहे. तयारी आहे का? आम्ही हो म्हटलं." अडीच लाखांच्या आसपास माणसांनी ते हो म्हटलं होतं. त्यांतल्या कितीतरी जणांना गिरणीत दहा-दहा वर्षं होऊनही ते बदलीच. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर परत.

तो काळ काही ऐन भरभराटीचा नव्हता. महागाईनं सगळे पिचले होते. १९८१ च्या नोव्हेंबरात सरकारनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पाच अब्ज एसडीआरचं (एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), तोवरचं सगळ्यात मोठं, कर्ज घेतलं होतं. कर्जाबरोबर अटी येतात, आणि अटींचा भार शेवटी रेशनच्या दुकानात येतो, हे डॉक्टर गेटसभेत सांगायचे की बाबांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं होतं, ते मला आता सांगता येणार नाही. पण ते वाक्य आमच्या घरात होतं. गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, देशभरातल्या कामगार संघटनांनी महागाई आणि संपबंदीच्या कायद्याविरुद्ध एक दिवसाचा देशव्यापी संप केला होता. आता मागे वळून बघताना हे दोन दिवस एकमेकांना चिकटलेले दिसतात. तेव्हा मात्र आम्हाला इतकंच कळलं होतं की आज शाळा नाही आणि रस्त्यावर बसही नाही. गोदामांत मालाच्या थप्प्या पडून होत्या, बाजारात मंदी होती, म्हणून पहिले काही महिने संप मालकांच्या पथ्यावरच पडला, असं पुढे पुष्कळांनी लिहिलं. हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला ते दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. म्हणजे आम्ही उपाशी राहत होतो तेव्हा त्यांची गोदामं रिकामी होत होती.

सरकार का बोलत नाही, हा प्रश्न मी बाबांना तेव्हा विचारला होता. त्यांनी कायद्याचं नाव घेतलं, मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ चा. त्या कायद्यानं एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. बोलणी तिनंच करायची, सही तिनंच करायची. गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाची होती. अडीच लाख माणसं एकीकडे उभी राहिली तरी कागदावर ती कुणीच नव्हती. याची मुळं खणत गेलं की माझ्या आजोबांपाशी पोचतो आपण. आजोबा लांज्याकडून मुंबईत आले ते जागतिक मंदीच्या दिवसांत. गिरणी मालकांनी पगार कापले होते, साचे वाढवून दिले होते, आणि १९३४ च्या एप्रिलमध्ये मोठा संप झाला. तो फसला. मग १९३७ च्या निवडणुका आल्या, प्रांतात लोकांनी निवडलेलं पहिलं मंत्रिमंडळ आलं, आणि त्याच मंत्रिमंडळानं पुढच्या वर्षी औद्योगिक कलह विधेयक आणलं, ज्यानं कितीतरी संप बेकायदा ठरणार होते. विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटेवाले एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. गोळीबार झाला. आजोबा त्या दिवशी कामगार मैदानात होते. बाबासाहेब किती दूर दिसले हे ते हात लांब करून दाखवायचे, आणि तो हात दर वेळी थोडा आखडत यायचा. विधेयक मंजूर झालंच. बाबांना ज्या कायद्यानं अडवलं तो त्याच घराण्यातला, आठ वर्षांनी धाकटा. आपण निवडून दिलेल्या माणसांनीच आपला संप बेकायदा करावा, हे माझ्या घरात दोन पिढ्यांनी पाहिलंय. म्हणून असेल, मतदानाला आमच्याकडे कुणी हसत जात नाही आणि कुणी चुकवतही नाही.

मे महिन्यात आई, मी आणि धाकटी बहीण गावी आलो. परळ डेपोतली एसटी, टपावर पत्र्याची पेटी आणि शिवणयंत्र. एकट्या आमच्या गाडीत चार कुटुंबं गिरणीवाल्यांची होती. गाव आधी खूश झालं, मग हळूहळू गप्प झालं. मुंबईहून मनीऑर्डर येते म्हणून जे घर चालत होतं, तिथे आता खाणारी तोंडंच आली होती. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी, रात्री पुन्हा पेज. आजी आमच्या ताटलीत पेजेतली शितं खाली बसू द्यायची, वरचं पाणी स्वतः प्यायची. हे मला तेव्हा दिसत होतं आणि तरीही मी शितं खात होतो. गावागावांतून संपवाल्यांसाठी धान्य गोळा व्हायचं. ज्यांच्याकडे स्वतःला पुरेसं नव्हतं त्यांनीसुद्धा पायली-अर्धी पायली भात दिला. एक म्हातारा आमच्या अंगणात येऊन, "तुमच्या डॉक्टरला सांगा, वाडीनं दिलं म्हणून," असं सांगून पोतं टेकवून गेला. माझ्या मनात संपाचं चित्र काढायचं म्हटलं तर मोर्चे आणि झेंडे मागे पडतात, तो पोत्याचा शिवलेला तोंडवळा पुढे येतो. आईचं मंगळसूत्र त्या पावसाळ्यात गेलं. गळ्यात काळी पोत राहिली. ती पोत आईनं पुढे सोन्याचे मणी आल्यावरही काढली नाही.

बाबा मुंबईतच राहिले होते, गेटवर पहारा द्यायला. काकीकडे जेवत होते, वहीवर. काका, म्हणजे काकीचे यजमान, सूत काढायच्या रिंग खात्यात. ते आणि बाबा एकाच गिरणीत, एकाच गेटवर. खानावळीत पंगत चालूच होती, फक्त कुणाच्या पानावर काट पडत नव्हती. काकीनं स्वतःच्या पाटल्या विकून तांदूळ भरला, दुपारच्या वेळेत एका हॉटेलला पोळ्या लाटून दिल्या. मांजरपाटाच्या फडक्यात शंभर पोळ्या बांधून ती डोक्यावरून न्यायची. मागच्या वर्षी तिला विचारलं, "काकी, कशाच्या भरवशावर उधार देत होतीस?" तर म्हणाली, "जेवायला आलेल्या माणसाला विचारतात का, तुझा संप जिंकणार की हरणार?"

१९८३ च्या पावसात बहिणीला टायफॉइड झाला. गावातून रत्नागिरीला न्यावं लागलं. आईनं पत्र पाठवलं. तोवर संपाला दीड वर्ष झालं होतं. मालक सूत भिवंडीला, मालेगावला यंत्रमागांवर पाठवून कापड विणून घेत होते आणि गिरण्यांत थोडेथोडे कामगार पोलिसांच्या गाड्यांतून आत जायला लागले होते. एका पहाटे बाबा आत गेले. आमच्याकडे "आत जाणं" याला एकच अर्थ होता, आजही चाळीतली म्हातारी माणसं तो शब्द जपून वापरतात. ते मागच्या गल्लीनं गेले, मफलरनं तोंड झाकून. पुन्हा संप करणार नाही अशा कागदावर त्यांनी सही केली होती. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, पण कधी, तर २००५ मध्ये, जाण्याच्या आदल्या वर्षी, केईएमच्या वॉर्डात. ज्या मनीऑर्डरनं माझी बहीण वाचली ती त्या सहीची होती. मी बाबांना कधी दोष दिला नाही. पण वयाच्या चौदाव्या वर्षी एकदा भांडणात शेजारच्या मुलानं "तुझा बाप आत गेलेला" म्हटलं तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली नाही, मान खाली घालून जिना चढलो. त्या मान खाली घालण्याची लाज मला बाबांची वाटली की स्वतःची, हे अजून उलगडत नाही.

पहिल्या पगाराला बाबा काकीकडे गेले. वहीत त्यांच्या पानावर ३४० रुपये बाकी होती. त्यांनी नोटा पाटावर ठेवल्या. काकीनं त्या उचलल्या, मोजल्या आणि परत त्यांच्या हातात दिल्या. म्हणाली, "भावोजी, हे संपातलं जेवण आहे. संप मिटला की द्या." रागानं म्हणाली नव्हती, असं बाबा सांगायचे. राग असता तर बरं झालं असतं, असंही सांगायचे. त्यानंतर त्यांनी खानावळीत जेवणं सोडलं. काकांशी बोलणं तुटलं. काका आत गेले नाहीत, शेवटपर्यंत नाहीत. लालबागच्या मार्केटात कोथिंबीर-मिरची विकत बसले. आणि घरात एक बदल झाला, जो आम्ही परत मुंबईला आल्यावर मला पहिल्या दिवशी जाणवला. बाबा हळू बोलायला लागले होते.

मग आलं १९८४. ऑक्टोबरच्या शेवटी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरात लोकसभेची निवडणूक. देशभर सहानुभूतीची लाट होती, महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला गेल्या. दक्षिण मध्य मुंबईतून डॉक्टर उभे होते. संप तोवर हरल्यातच जमा होता. तेरा गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या होत्या, लाखभर माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. कितीतरी जण केवळ मत द्यायला गावाहून आले. चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर, गाळ्यांत माणसं झोपली होती. मतदानाच्या दिवशी मी बाबांबरोबर रांगेपर्यंत गेलो. रांग शाळेच्या फाटकातून बाहेर, भिंतीला धरून पार कोपऱ्यापर्यंत. एवढी माणसं रांगेत असून आवाज नव्हता. बाबा शेवटाला जाऊन उभे राहायला निघाले, तेवढ्यात मधूनच काकांनी हात वर केला. दीड वर्षात ते बाबांना काही बोलले नव्हते. म्हणाले, "इकडे ये. जागा धरलीय." बाबा जागच्या जागी उभे राहिले. मग मागच्या एका म्हाताऱ्यानं, कुणी ओळखीचाही नव्हता तो, एक पाऊल मागे घेतलं आणि रांगेत एका माणसाची फट तयार झाली. बाबा त्या फटीत शिरले. दोघं एकामागे एक उभे होते आणि पुढे काहीच बोलले नाहीत. काकांच्या हाताला कोथिंबिरीचा वास येत होता, तो मला तिथपर्यंत आला.

डॉक्टर निवडून आले. अपक्ष म्हणून, त्या लाटेत.

निकाल शेजारच्यांच्या टीव्हीवर कळला. चाळीत कुणी फटाके लावले नाहीत. बाबा गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं तरी." संप त्यांनी मोडला होता, आणि मत मात्र संपाला दिलं होतं. एकाच माणसाच्या या दोन सह्या मी वर्षानुवर्षं एकमेकींशेजारी ठेवून पाहतोय. पूर्वी मला वाटायचं की मत देणं स्वस्त असतं, त्याला पोट जाळावं लागत नाही, म्हणून हरलेल्या माणसांनी तिथे आपली भरपाई करून घेतली. आता तसं वाटत नाही. सहीच्या कागदावर त्यांच्याकडून जे लिहून घेतलं ते भुकेनं लिहून घेतलं होतं. शिक्का मारताना त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला ते एकटे होते, आणि तिथे त्यांना कुणी विचारत नव्हतं की घरी मुलगी आजारी आहे का.

गिरणगावानं चिन्हं पुष्कळ बदलली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत इथून डांगे लोकसभेवर गेले. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि परळच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. १९८४ ला डॉक्टर, आणि चारच महिन्यांनी महापालिका शिवसेनेकडे. बाहेरचे लोक याला चंचलपणा म्हणतात. मी याच खोल्यांत वाढलोय. कुणाच्या तरी हातात आपलं गाऱ्हाणं द्यायचं आणि तो ते कुठे नेतो हे बघत राहायचं, असं ते चाललेलं होतं. खासदार झालेल्या डॉक्टरांनाही संप मिटवता आला नाही. कायदा तोच, युनियन तीच. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, तो फक्त विरत गेला. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉक्टरांवर गोळ्या झाडल्या, संपाच्या पंधराव्या वर्षदिनाला दोन दिवस राहिले होते.

जमिनीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सहाशे एकरांच्या त्या पट्ट्याचे तीन वाटे करायचे, एक शहराला, एक घरांसाठी, एक मालकाला, असा १९९१ चा नियम होता. २००१ मध्ये त्यात मोकळ्या जमिनीपुरताच वाटा असा बदल झाला आणि वाटा वाळत गेला. काकीनं घरासाठी अर्ज भरला तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. काकांचं तिकीट नंबरचं कार्ड, ईएसआयचं कार्ड, फंडाची चिठ्ठी, मृत्यूचा दाखला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "सेवा कधी संपली?" काकी म्हणाली, "संपली नाही, संप आहे." त्यानं काहीतरी तारीख टाकली. २०१२ पासूनच्या कुठल्याही सोडतीत तिचं नाव लागलं नाही. आता शेलू आणि वांगणीला घरं घ्या म्हणतात. मुंबईतच घर द्या म्हणून २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर मोर्चा झाला, त्यात काठ्या टेकत आलेली माणसं होती, वारस म्हणून आलेली नातवंडं होती. काकीला जायचं होतं. पायांनी जाऊ दिलं नाही, तर नातवाला पाठवलं.

हा नातू घरोघर जेवणाचे डबे पोचवतो, मोबाइलवर ऑर्डर येते तसा. आजीनं ज्या खोलीत पंगती वाढल्या त्याच खोलीत रात्री एक वाजता मोटारसायकलची चावी खुंटीला अडकवतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं फेरीमागचा दर कमी केला तेव्हा या भागातल्या साठ-सत्तर पोरांनी ठरवून एका शनिवारी लॉग आऊट केलं. पुलाखाली जमले. तिघांचे आयडी बंद झाले, त्यात हा एक. महिनाभर घरी होता. मला म्हणाला, "काका, तुमच्या वेळी गेट तरी होतं. आम्ही कुणाच्या दारात जाऊन बसायचं? समोर माणूसच येत नाही." मी त्याला घाटकोपरची गोष्ट सांगितली. त्यानं ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, "तेव्हा नंबर कसा मिळवला त्यांचा?" मला आधी कळेना काय विचारतोय. मग कळलं, तो खरंच जमवाजमव कशी केली ते विचारत होता. एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत, एका खानावळीतून दुसऱ्या खानावळीत, गावच्या गाळ्यातून गावच्या मंडळात निरोप कसे गेले, ते मी त्याला रात्री दीडपर्यंत सांगत बसलो. काकी माळ्याखाली आडवी होती. झोपली असावी असं वाटलं तेव्हाच तिथून आवाज आला, "तांदूळ आधी भरून ठेवा म्हणावं. पोरं उपाशी असली की फुटतात."

आणि आता नवे कायदे आलेत. २०२४ च्या त्या मतदानाला बरोबर एक वर्ष आणि एक दिवस झाला तेव्हा, २१ नोव्हेंबर २०२५ ला, चार कामगार संहिता लागू झाल्या. कुठल्याही उद्योगात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस. निम्म्या कामगारांनी मिळून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. वाटाघाटीला एक्कावन्न टक्क्यांची एकच युनियन. डबे पोचवणाऱ्या पोरांचं नाव कायद्यात पहिल्यांदा आलं, सामाजिक सुरक्षेच्या पानावर, हे चांगलंच झालं. पण संप करणाऱ्यांत त्यांना कुठे उभं करायचं ते मला त्या पानांत सापडलं नाही. मी संहिता वाचत होतो आणि आजोबांचा तो लांब केलेला हात डोळ्यांसमोर येत होता.

त्या दिवशी टेबलावरच्या पोरानं शेवटी काकीला आपल्या उमेदवाराचं चिन्ह सांगितलं. महिन्याला पंधराशे मिळतात ना आज्जी, असंही विचारलं. त्या निवडणुकीत जिकडे तिकडे तेच पैसे बोलत होते. काकीचं वय त्या योजनेत बसत नाही, पण तिनं ते सांगितलं नाही. "देतात त्यांनी द्यावेत," म्हणाली, "मी मागायचं विचारतेय." आत मी तिच्याबरोबर यंत्रापर्यंत जाऊ शकलो असतो, मदतीशिवाय मत देता येत नाही अशा अशक्त मतदाराला सोबत चालते. तिनं नको म्हटलं. दाराशी उभा राहून मी बघत होतो. पुठ्ठ्यामागे ती बराच वेळ होती. अधिकारी दोनदा चुळबुळला. ती एकेक चिन्ह बोटानं चाचपत वरून खाली जात असणार, असं तिच्या खांद्याच्या हालचालीवरून वाटत होतं. मग खालून पुन्हा वर. शेवटी यंत्राचा लांबलचक आवाज आला. कुठलं बटण दाबलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

परतताना ती शाळेच्या भिंतीशी थांबली, त्याच कोपऱ्यावर. मला वाटलं दम लागलाय. भिंतीला हात लावून म्हणाली, "तुझे बाबा इथून वळत होते. ह्यांनी हात केला नसता तर गेले असते तसेच माघारी." मला माहीत नव्हतं की ती तेव्हा बायकांच्या रांगेतून बघत होती. चाळीच्या दारात आल्यावर मी, कितीतरी वर्षं मनात असलेलं, बोलून टाकलं. म्हटलं, "काकी, बाबांचे ३४० राहिलेत तुझ्याकडे. मला देऊ दे."

ती उंबऱ्यावर बसली, सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

"संप मिटला का?" तिनं विचारलं, आणि मी काही बोलत नाही असं पाहून म्हणाली, "मग जा. वर जाऊन चहा टाक. साखर कमी घाल माझ्यात."